पिल्लं वाढली की अर्धे नरच: परसातल्या जास्तीच्या कोंबड्यांची अडचण कशी सोडवावी

माझ्या पांढरी नावाच्या कोंबडीची पाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, मुंगसाने धरली. शेपटीच्या वर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. पंखाच्या मुळाशी कातडी फाटून आतलं मांस दिसत होतं आणि कडेला रक्त सुकून काळं झालं होतं. पण मुंगूस मानेला धरतो, पाठीला नाही. हे काम आमच्याच खुराड्यातल्या नरांचं होतं. तेव्हा माझ्याकडे नऊ माद्या आणि सात नर होते. एका मादीवर दिवसातून किती वेळा चढाई होत होती हे मी कधी मोजलंच नव्हतं.

आमचं घर संगमेश्वराकडे. परसात फणसाखाली खुराडं आहे, कोंबड्या दिवसभर आवारात फिरतात आणि तिन्हीसांजेला आत येतात. बचत गटातल्या बऱ्याच जणी अशाच पाच-पंधरा कोंबड्या पाळतात, आणि दर वर्षी प्रत्येकीकडून एकच तक्रार ऐकू येते: खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, पिल्लं छान निघाली, चार महिन्यांनी बघते तर निम्मे कोंबडे. आता यांचं करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत "बघू नंतर" असंच असतं, आणि त्या नंतरचे भोग माद्या भोगतात. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

अडचण नरांचीच आहे, हे आधी पक्कं करा

माद्यांची पिसं इतर कारणांनीही जातात. अंगावर पिसवा-गोचिडी झाल्या, खाद्यात प्रथिनं कमी पडली, वर्षातून एकदा पिसं झडायची वेळ आली, तरी कोंबडी उघडी दिसते. फरक जागेवरून कळतो. पिसं झडत असतील तर मानेपासून सुरुवात होऊन सगळ्या अंगावरची जातात आणि खाली नवी कोंबं दिसतात. नरांमुळे जातात ती पाठीवरची आणि डोक्यामागची, कारण नर चोचीने डोक्यामागे धरतो आणि पायांनी पाठीवर उभा राहतो. तीही सगळ्यांची सारखी जात नाहीत. नरांच्या आवडीच्या दोन-तीन माद्यांची पाठ साफ उघडी असते आणि बाकीच्या बऱ्या असतात.

आणखी खुणा म्हणजे माद्या दिवसा खुराड्यातून बाहेर यायला मागत नाहीत, उंचावर जाऊन बसतात, दाणे टाकले तरी कडेकडेने येतात. अंडी कमी होतात. नरांच्या तुऱ्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. शिवाय दाणा नेहमीपेक्षा लवकर संपतो. मोठा पक्षी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खातो. सहा जास्तीचे नर धरले तर महिन्याला वीस किलोच्या आसपास झालं. फिरत्या कोंबड्या त्यातलं बरंच बाहेर टिपतात हे खरं, पण पावसाळ्यात त्या आडोशाला बसून असतात आणि सगळा भार आपल्या डब्यावर येतो.

निम्मे नर का निघतात

यात कुणाची चूक नाही. पक्ष्यांमध्ये पिल्लू नर की मादी हे मादीच्या बीजावर ठरतं, आणि ते अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं. शक्यता निम्मी-निम्मी. माझ्या सासूबाई टोकदार अंडी बाजूला काढून गोल अंडी तेवढी बसवायच्या, टोकदार अंड्यातून नर निघतो म्हणून. मी दोन खेपा त्यांच्या पद्धतीने केल्या आणि दोन्हींत नर निघालेच. अंड्याच्या आकारावरून काही कळत नाही, दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरली तरी कळत नाही.

निम्मे म्हणजे दर खेपेला बरोबर निम्मेच असंही नाही. त्या वर्षी तेरा अंडी बसवली, अकरा फुटली आणि त्यातले सात नर. शेजारीण म्हणाली, "वहिनी, तुमचं नशीबच खोटं." नशिबाचा काही संबंध नाही. हिशेब केला तर अकरा पिल्लांत सात किंवा त्याहून जास्त नर निघणं साधारण चार खेपांत एकदा व्हायचंच. म्हणजे जी बाई वर्षातून दोनदा खुडूक बसवते तिच्यावर ही वेळ दोन वर्षांतून एकदा येते. ती येणार असं धरूनच चालायचं.

दुसरं कारण विकत आणलेली पिल्लं. टेम्पोवरून किंवा मोटारसायकलला पेटारे लावून विकायला येणारे "सगळ्या माद्याच आहेत, ताई" असं सांगतात. गावठी जातीत एका दिवसाच्या पिल्लाचं लिंग बघून सांगणं शक्य नाही. त्यासाठी शिकलेला हात लागतो आणि ते काम मोठ्या हॅचरीतच होतं. आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकतात ती पिल्लं तर बहुतेक नरच असतात. अंड्यांच्या जातीतले नर हॅचरीला नको असतात, तेच स्वस्तात बाहेर पडतात. पोरं हट्ट करून आणतात, बरीचशी आठवड्यात मरतात, आणि जगलेलं पाच महिन्यांनी चाळीच्या गॅलरीत आरवायला लागतं. माझं स्पष्ट मत आहे, ती पिल्लं विकत घेऊच नयेत.

आजच्या आज काय करायचं

जखमी मादी आधी वेगळी काढा. हे थांबवून ठेवण्यासारखं काम नाही. लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्याही तिथेच टोचतात, आणि पावसाळ्यात माश्या बसून एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. पांढरीला मी डालग्याखाली ठेवलं, कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली, पोव्हिडोन आयोडिन लावलं आणि संध्याकाळी मच्छरदाणीचा तुकडा डालग्यावर टाकला. जखम खोल असेल, वास येत असेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. कोंबडी आणली म्हणून हसतील या भीतीने बायका नेत नाहीत. मी नेली, तिथल्या डॉक्टरांनी नीट बघून औषध दिलं.

त्याच दिवशी नर वेगळे करा. त्यांच्यासाठी दुसरं खुराडं नसेल तर जुनं न्हाणीघर, गोठ्याचा कोपरा, जाळी लावलेली बाज, काहीही चालेल. फक्त तिथून माद्या दिसता कामा नयेत. एकत्र वाढलेले नर माद्या नजरेआड असल्या की बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. मादी दिसली की त्याच भावाभावांत रक्त निघतं. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे दबलेल्या नरालाही खायला मिळेल. एखाद्याला बाहेर काढून आठ-दहा दिवसांनी परत आत सोडू नका. तो परका ठरतो आणि बाकीचे तुटून पडतात.

हा उपाय कायमचा नाही, पण यातून तुम्हाला विचार करायला दोन महिने मिळतात.

किती ठेवायचे आणि कोणता

आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत तलंगांचा, म्हणजे अर्धवट वाढलेल्या कोंबड्यांचा, गट देतात तोही 25 माद्या आणि 3 नर असाच असतो. म्हणजे परसातल्या दहा-बारा कोंबड्यांना एक नर, आणि तो घारीने नेला किंवा आजारी पडला तर हाताशी असावा म्हणून फार तर दुसरा, वेगळा ठेवलेला. पिल्लं काढायचीच नसतील तर नराची गरजच नाही. नर नसला तरी कोंबड्या तेवढीच अंडी घालतात. हे मी बचत गटात सांगितलं तेव्हा निम्म्या जणींचा विश्वास बसला नाही.

नर ओळखायला चौथा महिना उजाडायची वाट बघू नका. सहा-आठ आठवड्यांत नराचा तुरा बहिणींच्या तुऱ्यापेक्षा मोठा आणि लाल होतो, पाय जाड दिसतात, चालताना छाती वर असते. तरी शंका राहिली तर तिसऱ्या महिन्यात कमरेवरची पिसं बघा. मादीची पिसं टोकाला गोल असतात. नराची लांब, निमुळती, चकाकणारी असतात आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना ओघळतात. एक पीस बोटांत धरून उजेडात बघितलं की चूक होत नाही.

कोणता ठेवायचा याचा निर्णय लोक रंगावर आणि तुऱ्यावर घेतात. मीही पहिल्या वर्षी सगळ्यात देखणा तांबडा ठेवला होता. तो माझ्या पुतण्याच्या अंगावर गेला, गालावर ओरखडा उठला, डोळा थोडक्यात वाचला. आता मी वागणूक बघते. मूठभर तांदळाची कणी टाकायची आणि दूर उभं राहायचं. चांगला नर दाणा सापडला की चोचीने उचलतो, परत खाली टाकतो, "कुक कुक कुक" करून माद्यांना बोलावतो आणि त्या खाईपर्यंत थांबतो. वर घारीची सावली फिरली की लांबट आवाज काढून सगळ्यांना झाडाखाली पळवतो. वाईट नर दाणे खायला आलेल्या मादीवरच झडप घालतो. दोन-तीन दिवस असं बघितलं की निवड आपोआप होते. माणसाच्या अंगावर येणारा नर कितीही देखणा असला तरी ठेवू नका, आणि त्याची पैदासही घेऊ नका. तो स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो.

बाकीच्यांचं काय

खरी अडचण इथे आहे. माझ्या मते जबाबदारीचे मार्ग तीनच आहेत: घरात खाणं, नीट माहिती असलेल्या माणसाला देणं, नाहीतर शेवटपर्यंत पोसणं.

बदलाबदली सगळ्यात चांगली. प्रत्येक कळपाला दोन वर्षांनी बाहेरचं रक्त लागतं, नाहीतर बाप-मुलगी, भाऊ-बहीण यांची पैदास होत राहते, अंडी कमी फुटतात आणि पिल्लं खुरटतात. त्यामुळे तुमचा जास्तीचा शहाणा नर पलीकडच्या गावाला हवाच असतो. आमच्या गटात आता चार वाड्यांमध्ये अशी देवघेव चालते. देताना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालेली असावी, आणि आणलेला नर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवूनच कळपात सोडावा. कुणाकडे मर चालू असेल त्या काळात द्यायचं-घ्यायचं पूर्ण बंद. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा किती कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, हे कोंबड्या पाळणाऱ्यांनी विसरू नये.

पण सात नरांना सात घरं मिळत नाहीत. ज्या घरांत मांसाहार चालतो तिथे उरलेले नर खाण्यासाठीच आहेत हे स्वतःशी कबूल करावं, आणि ते वेळेत करावं. पाच-सहा महिन्यांचा गावठी नर मांसाला उत्तम. वर्षभर ठेवला तर मांस चिवट होतं आणि तोवर माद्यांचे हाल झालेले असतात.

कापायचं काम नीट शिकलेल्या माणसाकडून शिकून घ्या. आमच्याकडे माझे दीर करतात, आणि त्यांची पद्धत मला पटते. आदल्या रात्री दाणा बंद, पाणी चालू. पहाटे, अंधार असतानाच नराला उचलायचं. तेव्हा तो शांत असतो, पाठलाग करावा लागत नाही. दोन्ही पंख अंगाशी धरून काखेत घ्यायचा, बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड न्यायचं. पोत्याचा एक कोपरा कापून त्यातून डोकं बाहेर काढलं की पंख फडफडवून तो स्वतःला इजा करून घेत नाही. सुरी त्याच दिवशी धार लावलेली. जबड्याच्या खाली दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच कापात तुटल्या पाहिजेत. मग दोन-तीन मिनिटं, हालचाल पूर्ण थांबेपर्यंत, हात लावायचा नाही. त्यानंतरच गरम पाण्यात. पाणी उकळतं नको, कातडी फाटते. वाफा येताहेत पण बुडबुडे नाहीत असं असलं की पिसं सहज निघतात. आतडी आणि पिसं खड्ड्यात पुरायची, वहाळात टाकायची नाहीत. दीर काम करताना बोलत नाहीत, आणि पोरांनाही गोंगाट करू देत नाहीत.

हे करवत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओळखीच्या घरी द्या, पण खरं बोलून द्या. "पाळायलाच ने हां" असं म्हणून देणं ही आपलीच समजूत घालणं आहे. नेणारा बहुधा खाणारच, म्हणून त्याला विचारा की कधी कापणार, तोवर कुठे ठेवणार. नेताना पाय बांधून उलटा टांगून नेऊ देऊ नका. भोकं पाडलेलं खोकं द्या. जनावराला त्रास होईल अशा रीतीने वाहून नेणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, 1960 च्या, गुन्हाच आहे.

दोन गोष्टी मात्र कधीच नाहीत. एक, सोडून देणं. रानात, देवळापाशी, बाजाराच्या मागे. खुराड्यात वाढलेला नर रानात दोन रात्रीही टिकत नाही, मुंगूस नाहीतर रानमांजर त्याला फाडतं. दुसरी, झुंजीला देणं. मागच्या वर्षी मोटारसायकलवर दोन पोरं आली.

"काकी, तो तांबडा देता काय? बाकीचे नकोत."

"एकटाच कशाला रे?"

"असाच, हौस म्हणून."

बोलता बोलता एकाने नराचा पाय उचलला आणि पायामागच्या काट्यावरून अंगठा फिरवला, मग मांडी दाबून बघितली. मांसाला नेणारा वजन विचारतो, पैदाशीला नेणारा वय आणि जात विचारतो. काटा चाचपणारा झुंजीला नेतो. मी दिला नाही, त्यांनी तिप्पट पैसे बोलले तरी. विदर्भात कोंबडबाजारात पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून लढवतात, कोकणात-गोव्यातही झुंजी लपूनछपून होतात. दोन्हीकडे तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी वाढवलेलं पिल्लू त्यासाठी दिलं नसतं. तुमच्याकडे असील जातीचे नर असतील तर असे गिऱ्हाईक हटकून येतील, सावध राहा.

आरवण्याचा त्रास

एकच नर ठेवला तरी शेजाऱ्यांचा प्रश्न उरतो. वरच्या घरातले दादा एकदा आले. "वहिनी, राग मानू नका, पण चारला सुरू होतो तो. बाळ उठतं आणि मग सगळं घर उठतं." ते बरोबरच बोलत होते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, आणि झाकल्याने कोंबडं आरवायचंही राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवलेले नरही पहाटेच्या वेळेला आरवतात, त्यांच्या शरीरातलंच घड्याळ चालू असतं. तरी खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून हलवलं, त्या बाजूला पेंढ्याच्या जाड ताट्या लावल्या, सकाळी सात वाजेपर्यंत दार बंद ठेवलं तर आवाज बराच कमी पोचतो. दोन नर एकमेकांना उत्तरं देतात म्हणून एकावर आणलं की निम्मा गोंगाट जातो. गळ्याला पट्टा बांधून आवाज दाबायचा प्रकार करू नका. पट्टा थोडा घट्ट झाला तरी श्वास अडकतो. दाट वस्तीत, चाळीत, सोसायटीत राहत असाल तर नर ठेवूच नका, नुसत्या माद्या ठेवा.

पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून

खुडूक बसवायच्या आधी कागदावर दोन ओळी लिहायच्या: माद्या किती हव्यात, आणि निम्मे नर निघाले तर ते कुठे जाणार. दुसऱ्या ओळीला उत्तर नसेल तर अंडी बसवायची नाहीत. नुसत्या माद्याच हव्या असतील तर आठ-दहा आठवड्यांच्या, नर-मादी वेगळ्या ओळखू येणाऱ्या तलंगा विकत घ्याव्यात. महाग पडतात, पण सहा नर चार महिने पोसण्यापेक्षा स्वस्त.

कोंबडी नुसतीच खुडूक होऊन बसत असेल तर खालची अंडी रोज काढून घ्या. नर काढून टाकला म्हणजे लगेच अंडी निर्जीव होतात असं नाही. मादीच्या पोटात नराचं बीज टिकतं आणि दोन-तीन आठवडे अंडी फुटण्यासारखी राहू शकतात. आमच्या गटातल्या एकीने नर विकला, दहा दिवसांनी कोंबडी हौसेने बसवली आणि आठ पिल्लं निघाली.

आणि महिना बघून बसवा. दत्तजयंतीच्या सुमारास बसवलेली अंडी 21 दिवसांनी, संक्रांतीच्या आसपास फुटतात. ते नर आषाढात सहा महिन्यांचे होतात, तेव्हा गावठी कोंबड्याला मागणी असते, दरही बरा मिळतो. पावसाळ्याची ओली हवा लागायच्या आत पिल्लं मोठी झालेली असतात तेही चांगलं. फाल्गुन-चैत्रात बसवलेल्यांचे नर नेमके श्रावणात माजावर येतात, गिऱ्हाईक नसतं आणि महिनाभर फुकट पोसावे लागतात. ज्यांच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो किंवा राखणीला, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, कोंबडा लागतो त्यांना मी आता संक्रांतीलाच विचारून ठेवते, किती हवेत. मागच्या खेपेला दहा पिल्लांत पाच नर निघाले. एक पलीकडच्या वाडीत पैदाशीला गेला, तीन आषाढात संपले, एक गौरीसाठी आधीच सांगितलेला होता.

पांढरीची जखम तीन आठवड्यांत भरली. पिसं मात्र लगेच आली नाहीत. तुटलेल्या पिसाचं खोड कातडीत तसंच राहतं आणि ते झडल्याशिवाय नवं येत नाही, त्यामुळे नर काढल्यावरही महिनोन् महिने पाठ उघडी दिसली तर घाबरू नका. तिची पाठ दिवाळीच्या सुमारास भरली.